जागी गाडी

सोमवारी सकाळी नऊ वाजता हे देवगाव रंगारीला जायला निघाले. पडेगाव ओलांडल्यावर यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि बसल्या जागी गेले. मला ग्रंथालयात साडेअकरा वाजता फोन आला.

हे म्हणजे माझे पती. पाचोडच्या कॉलेजात यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी शहरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. देवगावला यांच्या मित्राच्या मुलीचा साखरपुडा होता. मलाही बोलावणं होतं, पण त्या आठवड्यात आमच्याकडे पुस्तकांची पडताळणी चालली होती. प्रत्येक पुस्तक कपाटातून काढून यादीशी ताडून पाहायचं असतं. मी म्हणाले, तुम्ही जाऊन या. हे म्हणाले, बरं.

यांची गाडी हायब्रिड होती. म्हणजे तिच्यात पेट्रोलचं इंजिन होतं आणि विजेवर चालणारी मोटरही होती. पुण्याच्या एका डॉक्टरांनी नऊ वर्षं वापरून ती विकायला काढली, तेव्हा यांनी घेतली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढंच कळलं की हळू जाताना ती नुसत्या विजेवर चालते आणि तेव्हा टायरखाली चिरडणाऱ्या खड्यांशिवाय काही ऐकू येत नाही. सिग्नलला थांबली की इंजिन बंद पडायचं. आतली मोठी बॅटरी उतरली की ते कुणी न सांगता पुन्हा सुरू व्हायचं. पहिल्या दिवशी गाडी कॉलनीत शिरली तेव्हा शेजारच्या काकांनी फाटकातूनच विचारलं, "काय सर, ढकलत आणली का?" पाचोडची मुलं तिला मुकी गाडी म्हणायची.

या गाडीला चालू आणि बंद हे नेहमीचे शब्द लागू पडत नव्हते. इंजिन बंद असतानाही ती चालू असायची. म्हणून यांनी तिच्यासाठी एक वेगळा शब्द काढला होता. बटण दाबल्यावर स्टिअरिंगमागच्या पट्टीवर हिरवा दिवा लागला, की गाडी जागी. आवाज असो वा नसो. "अगं, दार सांभाळून उघड, जागी आहे ती," असं हे मला सांगायचे. नागपूरला नोकरी करणारी आमची मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, जागी आहे का तुमची?" त्यावर यांचं उत्तर ठरलेलं होतं. "कोण, गाडी की तुझी आई?"

हे गेल्यावर पंधरा दिवसांनी मी रिक्षा करून पडेगावच्या पुढे त्या ठिकाणी गेले. रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे. त्या टपरीवाल्यानंच यांच्या फोनवरून मला फोन केला होता. त्यानं मला बाकावर बसवलं आणि चहा दिला. मग मीच विचारलं, गाडी किती वेळ उभी होती.

साडेनऊपासून उभी असेल, असं त्यानं सांगितलं. आधी त्याला वाटलं, सर फोनवर बोलत असतील. मग वाटलं, डोळा लागला असेल. दोनदा तो विचारायला म्हणून उठला आणि परत बसला. शेवटी साडेअकराच्या सुमारास तो गाडीपाशी गेला.

"पर मी उठलो का गाडीचं इंजन आपोआप चालू व्हायचं, बाई. म्हटलं, हायेत जागे. मानूस जागं असल्याबिगर गाडी कशी चालू व्हईल?"

दसरा होऊन आठवडा झाला होता, ऊन होतं, म्हणून यांनी एसी लावलेला होता. एसीनं बॅटरी उतरायची, इंजिन सुरू होऊन ती भरायची, पुन्हा बंद व्हायचं. दोन तास ती गाडी स्वतःला जागं ठेवत होती आणि म्हणून यांच्याजवळ कुणी गेलं नाही.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की हृदय एका क्षणात थांबलं असणार. कुणी लगेच काचेवर टकटक केली असती तरी उपयोग नव्हता. मी ते मानलं. मानलं नसतं तर मला पुढचे दिवस काढता आले नसते. मुलीनं मानलं नाही. टपरीवाल्याचं बोलणं मी तिला सांगायला नको होतं, पण तिच्यापासून मी कधी काही लपवलं नव्हतं.

"आई, ती गाडी काढून टाक," ती म्हणाली. "तिनं माणसाला झाकून ठेवलं."

मी तिला हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. धाकट्या दिरानं गाडी घरी आणून पत्र्याखाली लावली होती. मी तिच्यासाठी राखाडी कापडाचं कव्हर आणलं. यांचे कपडे मी देऊन टाकले, चष्मा एका डोळ्यांच्या शिबिरात दिला, नकाशे आणि पुस्तकं कॉलेजला दिली. पुस्तकं देताना मला काही वाटलं नाही, कारण पुस्तक कुणीतरी वाचतं. गाडी मात्र मला द्यायची नव्हती. हे शेवटचे जिथं बसले होते ती सीट तशीच, यांच्या पायांच्या मापानं मागं सरकवलेली होती.

मला गाडी चालवता येत नाही. पण उभ्या गाडीची बॅटरी उतरते, म्हणून आठवड्यातून एकदा तिला जागी करावी लागते, हे मी यांच्याकडून ऐकलेलं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मुलीकडे जाऊन राहायचो तेव्हा हे दिराला किल्ली देऊन जायचे. मी ठरवलं की हे काम आता माझं.

दर रविवारी सकाळी मी कव्हर काढायची. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि आमच्या गल्लीचा दिवस शनिवार होता. हे असताना गाडी फक्त ओल्या फडक्यानं पुसली जायची. पिण्याचं पाणी गाडीवर घालायला मला लाज वाटते, असं हे म्हणायचे. मी मात्र दोन बादल्या बाजूला काढून ठेवायची आणि गाडी टपापासून चाकांपर्यंत धुवायची. घरात आता पाणी वापरणारं दुसरं कुणी नव्हतं. धुऊन झालं की यांच्या सीटवर बसून बटण दाबायची. पट्टीवरचे दिवे लागायचे. आवाज यायचा नाही, पण तो तर पूर्वीही येत नसे. वीस मिनिटं मी तशीच बसायची. कधी एखादं पुस्तक घेऊन बसायची आणि एकच पान परत परत वाचायची. मग बटण दाबून दिवे घालवायची, हँडब्रेक पुरता वर आहे ना हे ओढून बघायची, आणखी एक दात वर गेला तर मला बरं वाटायचं. गाडी कुठं जाऊ नये, एवढंच माझ्या मनात असायचं. मग तिच्यावर कव्हर घालायची आणि खालची नाडी बांधायची.

जानेवारीतल्या एका रविवारी गाडीचं दार उघडलं नाही. किल्लीवरचं बटण मी किती तरी वेळा दाबलं. आत काही हललं नाही. कव्हर हातात धरून मी तिथंच पायरीवर बसले. हे गेले त्या दिवशी मी रडले नव्हते, इतकं काम होतं. त्या रविवारी रडले.

त्याच महिन्यात दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली. गाडी माझ्या नावावर करून घेतली होती, ते कागद फायलीत लावताना मी नोंदणीची मुदत पाहिली. मार्चमध्ये गाडीला पंधरा वर्षं पुरी होत होती. त्यानंतर ती रस्त्यावर ठेवायची तर तपासणी करून घ्यावी लागणार होती. पास झाली तर पुढची पाच वर्षं मिळणार. नाही झाली तर ती भंगारात जाणार.

मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता कारण मिळालं. आम्ही दोघी त्यावरून दोन दिवस बोललो, म्हणजे ती बोलली आणि मी ऐकलं. शेवटी मी म्हणाले की तपासणी ठरवेल. पास झाली तर गाडी राहील आणि तू मला पुन्हा काढून टाक म्हणायचं नाही. नापास झाली तर मी स्वतः जाऊन देऊन येईन. ती हे कबूल करेल असं मला वाटलं नव्हतं.

"पंधरा वर्षांची गाडी," ती म्हणाली. "ठीक आहे. चालेल."

यांच्या ओळखीचे एक मिस्त्री होते, साठीचे. शहरात या जातीच्या गाडीला हात लावणारे तेव्हा दोन-तीनच जण होते, त्यातले ते एक. यांच्याशी त्यांची गाडीपेक्षा नकाशांवरून जास्त मैत्री होती. त्यांचा मुलगा आखातात होता आणि तो कुठं राहतो ते हे त्यांना नकाशावर दाखवायचे. मला ते बाजी म्हणायचे, म्हणजे ताई. घरी आले तेव्हा फाटकाशीच थांबून त्यांनी हात जोडले. मग किल्लीच्या पोटातली लहान किल्ली काढून दार उघडलं. मला आजवर ठाऊक नव्हतं की किल्लीच्या आत किल्ली आहे.

त्यांनी छोटी बॅटरी मोजली. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात, एक मोठी, गाडी ओढणारी, आणि एक छोटी, दिवे-दारं जागी ठेवणारी. छोटी पार मेलेली होती. त्यांनी विचारलं, गाडी कधीपासून जागी केली नाही. मी म्हणाले, दर रविवारी करते. वीस मिनिटं.

"कशी करता, जरा दाखवा."

त्यांनी बाहेरून एक बॅटरी जोडली. मी आत बसले आणि बटण दाबलं. दिवे लागले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते वाकून पट्टी बघत होते.

"हिरवा दिवा कुठाय, बाजी?"

हिरवा दिवा नव्हता. लाल होते, पिवळे होते, घड्याळ होतं. हिरवा कधीच नव्हता. तीन महिने माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

"ब्रेकवर पाय ठेवा, मग दाबा," ते म्हणाले.

मी पाय पुढे केला. सीट मागं असल्यामुळे तो पोचेना. पुढे सरकून, कडेवर बसून मी ब्रेक दाबला आणि बटणाला हात लावला. हिरवा दिवा लागला. थोड्या वेळानं इंजिन घरघरलं. टपरीवाल्यानं जे ऐकलं होतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा, तिथं बसून ऐकलं.

"तुम्ही तिला जागी केलीच नाय," मिस्त्री म्हणाले. "नुसती पापणी उघडली. अशानं छोटी बॅटरी भरत नाय, उलटी उतरते. सरांनी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं असणार. हे मला पुष्कळ काही सांगायचे आणि मी हातातल्या पुस्तकातून मान वर न करता हूं म्हणायची.

पुढचे दोन आठवडे ते सवड काढून येत राहिले. या गाड्यांची दुखणी त्यांना पाठ होती आणि काम करता करता ते मला सांगायचे. छोटी बॅटरी नकळत मरते. मोठ्या बॅटरीला वारा देणारा पंखा धुळीनं तुंबतो, आणि लोक पंखा साफ करायचं सोडून बॅटरीच गेली म्हणत बसतात. ब्रेक मात्र झिजत नाहीत, कारण गाडी हळू करताना निम्मं काम मोटरच करते आणि त्यातून वीज बनवते. मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी होती, तिथून पंखा हवा घेतो. ती काढून त्यांनी आत बोटं घातली आणि जे निघालं ते वर्तमानपत्रावर ठेवलं. धूळ, सुतळीचे धागे, कांद्याची सालं, मेथीची वाळलेली पानं. पाचोडच्या आठवडी बाजारातून हे भाजी आणायचे आणि पिशवी मागच्या सीटवर ठेवायचे. डिकीत ठेवा म्हटलं तर म्हणायचे, डिकीत ती कोमेजते.

मिस्त्री तो कागद चुरगळायला लागले. मी म्हणाले, राहू द्या, मी टाकते.

तपासणीला चेसिसच्या नंबराचा छाप लागतो. गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा आणि वरून शिसपेन्सिल फिरवायची, की आकडे उमटतात. हे काम मी मागून घेतलं. नंबर पुढच्या सीटखाली, गालिच्याच्या एका झाकणाखाली होता. गुडघे टेकून, मान वाकडी करून मी पेन्सिल फिरवत होते. पहिला कागद सरकला, दुसरा फाटला. तिसऱ्यावर सतरा अक्षरं आणि आकडे एकामागून एक काळ्यातून पांढरे निघाले. जुन्या पुस्तकावरचा दाबून उठवलेला पुसट शिक्का वाचायला आम्ही हेच करतो. मी तो कागद मिस्त्रींना दिला आणि त्यांनी तो उजेडात धरून म्हटलं, आमच्या पोरांचा एवढा साफ येत नाय.

तपासणी केंद्र शहराबाहेर होतं. मिस्त्री गाडी चालवत होते आणि मी मागं बसले होते. पुढं बसायला माझं मन होईना. तिथं सगळं मशीनवर होतं. चाकं रोलरवर चढवायची, ब्रेक दाबायचा, आकडा पडद्यावर येतो. दिव्यांसमोर एक पेटी आणून फोकस मोजायचा. धुराच्या तपासणीपाशी एका तरुण तपासनिसानं मागच्या नळीत सळई घातली आणि म्हणाला, "गाडी चालू करा ना."

"चालूच आहे, साहेब," मिस्त्री म्हणाले.

"कुठं चालूये? आवाज नाही, धूर नाही."

"जागी आहे. इंजिन झोपलंय."

मागं उभ्या असलेल्या टेम्पोवाल्यानं म्हटलं, मग उठवा की, आम्हाला घरी जायचंय. सगळे हसले. मिस्त्रींनी ॲक्सिलरेटर ठरावीक वेळा दाबला, गिअर मागं-पुढं केला, पुन्हा दाबला, आणि इंजिन सुरू झालं ते सुरूच राहिलं. असं करता येतं हे यांनाही ठाऊक नसावं. नाहीतर यांनी मला नक्की सांगितलं असतं.

धूर पास झाला. दिवे पास झाले, हॉर्न पास, काचा, वायपर, सीटचे पट्टे पास. कागद हातात आला तेव्हा मी तो नेहमीच्या सवयीनं वरून खालपर्यंत सावकाश वाचला. मागचे ब्रेक, डावा आणि उजवा यांत फरक: नापास. हँडब्रेक: नापास. खाली एका ओळीत लिहिलं होतं की दुरुस्ती करून पुन्हा आणता येईल.

परत येताना माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती आणि ती गाडी राहण्या-जाण्याची नव्हती. शेवटी घराच्या वळणावर मी विचारलं.

"मिस्त्री, ब्रेक तेव्हापासूनच खराब होते का? त्या दिवशी?"

त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद पडलं.

"नाय बाजी. गणपतीत मीच खोलून साफ केले होते. सरांच्या हातात ब्रेक एकदम ठीक होते. उद्या खोलतो, तुम्ही समोर उभ्या रहा. खोटं असंल तर तुम्हाला दिसंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागची चाकं काढली. आतलं गोल भांडं निघेना. त्यांनी लाकडी हातोड्यानं चारी बाजूंनी ठोकलं तेव्हा ते सुटलं. आतला सगळा भाग विटकरी गंजानं भरला होता. ब्रेकच्या पट्ट्या उभ्या गाडीत भांड्याला चिकटून बसल्या होत्या आणि गाडी हलवताना डाव्या बाजूची थोडी पट्टी तुटून भांड्यालाच राहिली होती. वर्षानुवर्षं कुणी न नेलेल्या पुस्तकाची पानं अशीच एकमेकांना चिकटतात, आणि उघडायला गेलं की छपाई समोरच्या पानावर जाते.

"हा गंज नवा आहे," मिस्त्री म्हणाले. "उभं राहून आलाय. पण एवढं पाणी कुठून लागलं?"

"मी धुवायची," मी म्हणाले. "दर रविवारी."

"और लगेच कव्हर?"

"लगेच."

"हँडब्रेक?"

"ओढलेला. घट्ट."

ते बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "लई जपलं तुम्ही. गाडीला एवढं जपायचं नसतं, बाजी."

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. हे निघाले तेव्हा गाडीत काही खोट नव्हती. आणि जी खोट होती ती मी केली होती, तीन महिने, दर रविवारी, स्वच्छ पाण्यानं. पहिल्या गोष्टीनं मला झोप लागली. दुसरीनं काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही. पण तेव्हापासून मी गाडी फक्त ओल्या फडक्यानं पुसते.

रात्री मुलीला फोन करून मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे नापास झाली. मी म्हणाले, झाली. आपलं काय ठरलं होतं, आई? मी म्हणाले की त्या कागदावर पुन्हा आणा असंही छापलंय, आणि ज्या विषयात ती नापास झाली तो विषय माझा होता, तिचा नव्हता. माझ्या चुकीची शिक्षा तिला नको. मुलगी शिक्षकाची आहे. पुरवणी परीक्षा नाकारणं तिला जमलं नाही.

"एकदाच," ती म्हणाली.

मिस्त्रींनी नव्या पट्ट्या बसवल्या, भांडी घासून गुळगुळीत करून घेतली, हँडब्रेकची तार बदलली. मार्च संपायला नऊ दिवस असताना आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मिस्त्रींनी पुढचं दार उघडून धरलं आणि मी पुढं बसले. रोलरवर मागची चाकं चढली. पडद्यावर दोन आकडे आले, डावा आणि उजवा, जवळजवळ सारखे. त्याच तरुणानं कागद दिला आणि म्हणाला, "मॅडम, तुमची झोपाळू गाडी पास." मी त्याला धन्यवाद दिले आणि बाजूला जाऊन कागद पुन्हा वाचला.

मे महिन्यात मुलगी आली. तिला गाडी चालवता येते, यांनीच शिकवली होती. तीन दिवस ती पत्र्याकडे फिरकली नाही. चौथ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर म्हणाली, चल, मला ती जागा दाखव. सीटवर बसल्यावर तिनं ती पुढं सरकवण्यासाठी खालचा दांडा धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं सीट पुढं घेतली.

पडेगावच्या पुढं टपरीसमोर तिनं गाडी कडेला लावली. ऊन होतं. एसी लावून आम्ही दोघी बसून राहिलो. टपरीवाल्यानं मला ओळखलं, पण तो आला नाही. सात-आठ मिनिटं झाली असतील. आपोआप इंजिन सुरू झालं.

मुलगी दचकली. हात स्टिअरिंगवर ठेवून ती तो आवाज संपेपर्यंत ऐकत राहिली. तो संपल्यावर म्हणाली, "हाच?"

"हाच."

"एवढा लहान आवाज."

आणखी एकदा इंजिन सुरू होऊन बंद पडेपर्यंत आम्ही थांबलो. तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग म्हणाली, "कसं कळणार होतं, सांग." ती टपरीवाल्याबद्दल बोलत होती की गाडीबद्दल, ते मी विचारलं नाही. तिनं हँडब्रेक सोडला आणि पलीकडे चहाला न उतरता आम्ही घरी आलो, कारण तिला तेवढं जमणार नव्हतं आणि मलाही नाही.

गाडी पत्र्याखाली आहे. तिची मुदत आणखी पाच वर्षं आहे. हँडब्रेक सोडलेला असतो आणि मागच्या चाकाला वीट लावलेली असते. सीट पुढं आहे, माझा पाय ब्रेकपर्यंत पोचतो. रविवारी मी आधी ब्रेक दाबते, मग बटण, आणि हिरवा दिवा लागला की वीस मिनिटं बसते.